घरात गेम कोण खेळतं?

ऑफिसात तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठ वळली की 'दोन मिनिटं'. अकरा वर्षं ती सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत फोनवर बसत होती आणि रोज साठ-सत्तर अनोळखी घरांत तिचं पहिलं वाक्य एकच असायचं : "नमस्कार, आपली दोन मिनिटं मिळतील का?" प्रश्नावली दोन मिनिटांत कधीच संपायची नाही. पंधरा तरी लागायचीच. पण पंधरा म्हटलं असतं तर कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं.

चौथ्या मजल्यावर एक लांबट खोली, तीत सोळा टेबलं, दोन टेबलांच्या मध्ये खांद्याएवढ्या उंचीच्या फळ्या. बाईंचं टेबल भिंतीकडचं. हेडफोनचा स्पंज कधीच झिजून गेला होता, म्हणून त्यांनी जुन्या सुती ओढणीचे दोन गोल कापून त्याला शिवले होते. नंबर मशीन आपोआप लावायचं. पडद्यावर नंबराचे शेवटचे तीनच आकडे दिसायचे. फोन कुठल्या गावात वाजतोय, हे बाईंना कधी कळत नसे. आवाज मात्र त्यांना देवानं मन लावून दिला होता. पलीकडच्या माणसाला वाटे, पंचविशीची मुलगी बोलतेय. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

घरी दोन खोल्या आणि त्या एकट्या. लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा फिसकटलं. मग आई आजारी पडली आणि तो विषय आपसूकच मागे पडला. सहा वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. ती जाऊन तीन वर्षं झाली. दादा परदेशात. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी त्याचा फोन यायचा. हवा कशी आहे, बीपी किती आहे, गोळ्या संपल्या नाहीत ना. एवढं विचारून झालं की दोघंही "बरं मग" म्हणायचे.

आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर बाई हातपाय धुवायच्या, चहा टाकायच्या, आईच्या पलंगाच्या कडेला बसायच्या आणि कंट्रोलर हातात घेऊन लढायला जायच्या.

याची सुरुवात त्या तेरा वर्षांच्या असताना झाली. दादा परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास झाला म्हणून वडिलांनी गेमचं मशीन आणलं. खोक्यावर रंगीत चित्र होतं. एक मुलगा खेळतोय, शेजारी त्याचा मित्र ओरडतोय, बाप कौतुकानं बघतोय आणि सगळ्यांच्या मागे एक मुलगी उभी राहून टाळ्या वाजवतेय. दादाचे मित्र रोज यायचे, पडद्यासमोर गर्दी करायचे आणि ती त्या चित्रातल्यासारखीच मागे उभी असायची. फक्त टाळ्या वाजवत नसे, बघत असे. बघून बघून तिला सगळं कळायला लागलं. मग एकदा घरात कुणी नसताना दादानं हाक मारली, "ए, इकडे ये. हा पूल काही पार होत नाहीये. तू बघ बरं." तिनं दुसऱ्या फटक्यात पूल पार केला. त्यानंतर जरा अवघड काही आलं की दादाची हाक यायची. ती पार करून द्यायची आणि संध्याकाळी दादा मित्रांना सांगायचा, "काल मीच काढला." ती तिथेच उभी असायची. तिलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मशीन दादाचं होतं.

दादा शिकायला बाहेर पडला तेव्हा मशीन मागेच राहिलं. ते कुणी तिला दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. पुढे नोकरी लागल्यावर तिनं स्वतःचं घेतलं. दुकानदारानं विचारलं, "मुलगा केवढा आहे?" ती म्हणाली, "बारा." तेवढं बोलून मोकळी झाली.

आईच्या आजारपणात त्या खेळानंच तिला तारलं. खेळ असा होता : एका पडक्या किल्ल्याला सात दरवाजे आणि प्रत्येक दरवाज्यावर एक राखणदार. एकाला हरवलं की पुढचा. नेटवरून दोघांनी मिळूनही लढता यायचं. आई पलंगावरून बघायची. सुरुवातीला कुरकुर होती. "काय गं ती मारामारी, घोड्याएवढी झालीस." मग महिन्याभरात, "मेला का तो?" आणि पुढे पुढे तर, "अगं डावीकडे बघ, डावीकडे! आंधळी आहेस का?" मायलेकींनी मिळून पाच दरवाजे पार केले. पण आईला बघायला कुणी आलं आणि दारावरची बेल वाजली, की आईच आधी म्हणायची, "बंद कर, बंद कर." आणि पाहुण्यांना सांगायची, "संध्याकाळची विणत बसते काहीतरी. तेवढाच विरंगुळा." सहा वर्षांत त्या घरातून एक मोजासुद्धा विणून बाहेर पडला नाही, पण कुणी विचारलं नाही.

खेळात बाईंचं नाव होतं 'फौजदार'. आधी बाईचं नाव घेऊन बघितलं होतं. चारच दिवस टिकलं. कुणी लग्नाचं विचारायचा, कुणी आईबहिणीवरून बोलायचा, तर कुणी न विचारता वाचवायलाच यायचा. फौजदार झाल्यावर सगळं शांत झालं. फौजदाराला कुणी छेडत नाही. आणि फौजदाराशी कुणी दोन शब्द बोलतही नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना ऑफिसात एक नवीन काम आलं. गेमची मशीन बनवणारी एक कंपनी आणि तिची जाहिरात करणारी दुसरी, दोघींना मिळून घराघरांत विचारायचं होतं. पडद्यावर प्रश्नावली आली. पहिले तीन प्रश्न नेहमीचे. चौथा : "घरात गेम कोण खेळतं?" खाली पर्याय : मुलगा. नवरा. भाऊ. इतर पुरुष. कोणी नाही.

बाईंनी तो प्रश्न दोनदा वाचला. मग वाटलं, छापताना चुकलं असेल. त्यांनी हात वर केला.

सुपरवायझर आला. वयानं त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पोटानं मोठा, मनानं वाईट नव्हता. "काय झालं, बाई?"

"साहेब, घरातली बाईच म्हणाली की मी खेळते, तर काय दाबायचं?"

"असं कोण म्हणणारे?"

"समजा, म्हणाली."

त्यानं डोकं खाजवलं. "मग 'कोणी नाही' दाबा. बायका ते फोनवर फळंबिळं जुळवतात, ते यांना नकोय. गिऱ्हाईक म्हणजे मुलगा आणि बाप. वरून आलेला कागद आहे, बाई. आपण कोण बदलणार?"

पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच तिघी निघाल्या. एक रुग्णालयातली नर्स होती. म्हणाली, "मी. रात्रपाळी करून आले की तासभर बंदूक चालवल्याशिवाय झोप येत नाही." बाईंनी 'कोणी नाही' दाबलं. एक आजी होत्या, निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, "मी आणि नातू. पण तो हरला की भोकाड पसरतो, म्हणून मी मुद्दाम हरते. हे लिहू नका हं, तो वाचेल." 'कोणी नाही.' तिसरी म्हणाली, "एक मिनिट थांबा." पावलं वाजली, दार लागल्याचा आवाज आला आणि मग अगदी हळू आवाजात, जणू चोरीच कबूल करावी तसं ती म्हणाली, "मी खेळते. का, काय झालं?"

'कोणी नाही' म्हटलं की प्रश्नावली तिथंच संपायची. आभार मानून फोन ठेवायचा. बाई ते बटण दाबायच्या आणि प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, आपण त्या बाईच्या तोंडावर दार लावतोय. मग त्यांनी एक वही केली. पुढच्या तीन आठवड्यांत वहीत एक्केचाळीस बायका जमल्या. बाई बटण दाबायच्या आधी दोन-चार प्रश्न आपल्या मनचे विचारू लागल्या. काय खेळता? कुणाबरोबर? घरी माहीत आहे का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकींच्या तोंडून आधी हसू यायचं.

एका बुधवारी चष्म्याच्या दुकानात फोन लागला. आवाज बाईंच्याच वयाचा, थोडा घोगरा. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चौथ्या प्रश्नाला तिनं सरळ सांगितलं, "मीच खेळते. दुसरं आहे कोण घरात? तो सात दरवाज्यांचा किल्ला आहे ना, त्यात तीन महिने पाचव्या दरवाज्याशी अडकलेय. मेल्याचा तो साखळदंड!"

बाई खुर्चीत सरळ झाल्या. पाचवा दरवाजा. साखळदंड. अकरा वर्षांत फोनवर त्यांनी साबणापासून विम्यापर्यंत सगळं विचारलं होतं, पण त्यांना ठाऊक असलेली गोष्ट पलीकडून पहिल्यांदाच ऐकू येत होती.

"ढाल टाकून द्या," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ढाल. तो साखळदंड ढालीलाच पकडतो. ढाल नसली की त्याला धरायला काही उरत नाही. उजव्या अंगानं जा आणि गुडघ्यावर मारा."

 मग ती बाई अशी खळखळून हसली की बाईंना हेडफोन जरा दूर धरावा लागला. "अहो, तुम्ही सर्वेवाल्या ना? का देवानं फोन लावलाय?"

मग गप्पांना ऊत आला. तिसऱ्या राखणदाराची खोड, गळकं छप्पर असलेली ती खोली, तिथलं संगीत. चष्मेवाली म्हणाली की ती एकटीच राहते, या खेळांबद्दल कुणाशी बोलावं असं कुणी नाही, दुकानात येणारी माणसं फक्त फळ्यावरची अक्षरं वाचतात. बाई हसल्या. किती दिवसांनी, त्यांनाच कळेना.

"तुम्ही खेळात कुठल्या नावानं असता?" चष्मेवालीनं विचारलं.

बाईंची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल ठिपक्याकडे गेली. फोन रेकॉर्ड होत होता. "आम्हाला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही हो," त्या म्हणाल्या. म्हणताना आपला आवाज परत ऑफिसचा झालाय हे त्यांनाच ऐकू आलं.

"बरं, राहिलं. मी 'कोरी काच' आहे. कधी दिसले तर हाक मारा." दुकानात कुणीतरी आलं असावं. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं बोलावलं. त्यानं रेकॉर्डिंग लावलं, ढालीपर्यंत ऐकवलं आणि थांबवलं. "एकोणीस मिनिटं, बाई! अख्खं ऑफिस तुम्हाला दोन मिनिटं म्हणतं, आणि एकोणीस?"

बाईंना आपलं टोपणनाव पहिल्यांदाच अधिकृतपणे कळलं. त्यांनी पिशवीतून वही काढून त्याच्यापुढे ठेवली. "एक्केचाळीस आहेत, साहेब. सगळ्या 'कोणी नाही'मध्ये गेल्यात."

त्यानं पानं उलटली. आधी उभ्यानं, मग बसून. शेवटी म्हणाला, "सोमवारी पार्टी येतेय. काहीतरी नवीन सांगा म्हणून मागे लागलेत. तुम्हीच या आत."

सोमवारी बाई इस्त्रीचा पोशाख घालून काचेच्या खोलीत गेल्या. जाहिरात कंपनीची एक तरुण मुलगी आली होती, हुशार, लगबगीची, बोलता बोलता लिहिणारी. बाईंनी नर्सचं सांगितलं, आजींचं सांगितलं, दार लावून बोलणारीचं सांगितलं. चष्मेवालीचं सांगितलं नाही. ते का कोण जाणे, त्यांनी स्वतःपाशीच ठेवलं. मुलीचे डोळे चमकत होते. "मॅडम, हे भन्नाट आहे! म्हणजे या आईलोकांना नक्की काय हवंय?"

"वेगळं काही नकोय," बाई म्हणाल्या. "जे आहे तेच खेळतात त्या. फक्त खोक्यावरच्या चित्रात बाई मागे उभी राहून टाळ्या वाजवत असते ना, तिला पुढे बसवा. आणि कंट्रोलर तिच्या हातात द्या. एवढंच."

"पुढे बसवायची," मुलीनं लिहून घेतलं.

त्या दिवशी बाई घरी चालत गेल्या. बसनं जायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

चार महिन्यांनी बसथांब्यावर मोठी जाहिरात लागली. फिकट जांभळ्या रंगाचं मशीन. बाई खरंच पुढे बसली होती. कंट्रोलर हातात होता, पण ती त्याच्याकडे असं बघत होती, जसं कुणी मेलेल्या उंदराकडे बघावं. मागे नवरा आणि मुलं पोट धरून हसत होती. वर ठळक अक्षरांत : 'आता आईसुद्धा!' बाई ते वाचत उभ्या राहिल्या. त्यांची बस आली आणि गेली. शेजारी दोन कॉलेजच्या मुली होत्या. एक दुसरीला म्हणाली, "शी! कसलं आहे!" दुसरी म्हणाली, "कुणी सुचवलं असेल गं?"

ऑफिसात मात्र कौतुक झालं. एक जांभळं मशीन भेट म्हणून आलं होतं, फीत बांधून. सोळाही टेबलांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझर मनापासून म्हणाला, "बाई, हे तुमच्यामुळे हं." त्याला काय सांगणार? बाईंनी आभार मानले.

घरी येऊन त्यांनी ते लावून बघितलं. त्यातला खेळ असा : स्वयंपाकघर आवरायचं, सांडलेलं पुसायचं, मुलांचे डबे वेळेत भरायचे. चहाला उकळी यायच्या आत सगळं संपलं. पडद्यावर फुलं पडली आणि एक गोड आवाज म्हणाला, "शाबास, आई!"

बाई कुणाच्याच आई नव्हत्या. त्यांनी मशीन बंद केलं, परत खोक्यात घातलं आणि खोकं कपाटावर टाकलं. चहा उतू गेला होता. तो पुसला.

त्या संध्याकाळी त्यांना चष्मेवालीची इतकी आठवण आली की राहवेना. इतके दिवस नियम, नोकरी, लाल ठिपका असं म्हणत त्यांनी मन आवरलं होतं. त्यांनी खेळात नाव शोधलं. 'कोरी काच' होती. पाचवा दरवाजा पार झालेला. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी रिकाम्या पलंगाकडे वळून सांगितलं, "केला गं तिनं." मग मैत्रीसाठी विचारणा पाठवली.

आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी लक्षात आलं. विचारणा फौजदाराची होती. कुणी अनोळखी पुरुष दारात येऊन उभा राहिला तर आपण तरी दार उघडलं असतं का? त्यांनी स्वतः आजवर एकाचीही विचारणा घेतली नव्हती. मग त्यांनी निरोप लिहिला. जास्त लिहायला धीर झाला नाही, म्हणून एवढंच : "दुकानात एकट्याच असता का अजून? ढाल टाकलीत, बरं केलंत."

उत्तर लगेच आलं. "कोण तुम्ही? दुकानाचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी आपलाच निरोप परत वाचला. फौजदाराच्या तोंडी ते वाक्य कसं दिसत होतं! त्या घाईघाईनं लिहू लागल्या, अहो मी ती फोनवरची, मी बाई आहे, घाबरू नका.  पाठवलं, तेव्हा पडद्यावर ओळ आली : ही व्यक्ती तुमचे निरोप स्वीकारत नाही.

दादाचा त्या रविवारी फोन होता. हवा कशी आहे, त्यानं विचारलं. "दादा," बाई मध्येच म्हणाल्या, "तो पूल आठवतो तुला? मी पार करून द्यायचे तो?"

"कुठला पूल?"

"गेममधला. लहानपणी."

दादा आठवू लागला. "हां, हां. मी काढायचो तो! तू बघत बसायचीस." मग म्हणाला, "गोळ्या आहेत ना?"

"आहेत," बाई म्हणाल्या. "बरं मग."

पुढच्या महिन्यात त्यांना प्रश्नावलीची बारीक अक्षरं दिसेनाशी झाली. चष्मा बदलायचाच होता. पण त्यासाठी त्या तीन दुकानं फिरल्या आणि तिन्हीकडे आधी काउंटरवर कोण आहे ते बघितलं. चष्मेवाली याच गावातली असेल कशावरून? हे त्यांना कळत होतं, तरी पाय जातच होते. पहिल्या दोन्हीकडे पुरुष. तिसऱ्या दुकानात त्यांच्या वयाची एक बाई होती. तिनं त्यांच्या नाकावर ती जड गोल चौकट ठेवली, भिंगं बदलत राहिली. "आता? आणि आता?" आवाज घोगरा होता की नाही, ठरवता येईना. फोनवरचा आवाज आणि समोरचा आवाज कधी सारखे नसतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"तुम्ही गेम खेळता का हो?" बाईंनी विचारलं.

तिनं हातातलं भिंग खाली केलं. "मी? छे हो. मुलासाठी चष्मा हवाय का? गेममुळे डोळे फार जातात मुलांचे. आमच्याकडे त्यांची खास भिंगं आलीत."

"नको," बाई म्हणाल्या. "माझाच करा."

ती खरं बोलली की बाईही लोकांना सांगत असत तसं काहीतरी सांगून मोकळी झाली, हे कळायला काही मार्ग नव्हता. चार दिवसांनी चष्मा मिळाला. नवीन चष्म्यातून घर जरा जास्तच स्पष्ट दिसलं. पडद्यावरची धूळ, भिंतीवरचा ओलीचा डाग, पलंगाच्या एकाच कडेला पडलेला खळगा.

खेळात नाव बदलायची सोय नव्हती. बदलायचं तर सगळं सोडून नव्यानं यावं लागे. नऊ वर्षांची हत्यारं, आईबरोबर पार केलेले पाच दरवाजे आणि त्यानंतर एकटीनं काढलेला सहावा, सगळं फौजदाराच्या नावावर. शनिवारी अर्धी सुट्टी होती. बाई दुपारचं जेवण उरकून पलंगाच्या कडेला बसल्या आणि बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. मग त्यांनी स्वतःचं खरं नाव टाकलं, बापानं ठेवलेलं, जे ऑफिसात पगाराच्या दिवसाशिवाय कुणी घेत नसे. ते कुणी घेतलेलं नव्हतं. लगेच मिळालं.

पहिल्या दरवाज्याशी त्या साध्या काठीनिशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथे नवशिक्यांची गर्दी होती. एकानं नाव वाचून लगेच लिहिलं, "ताई, जांभळं मशीन तिकडे मिळतं." दोघं-तिघं हसले. 

राखणदार आतून आला. नऊ वर्षांत त्या त्याच्याकडे फिरकल्या नव्हत्या आणि एक गोष्ट साफ विसरल्या होत्या. बाकीचे सहा जण दिसल्याबरोबर अंगावर येतात. हा मात्र आधी समोर थांबतो, तलवार खाली टेकवतो आणि वाकून मान देतो, कुणीही समोर असो. घाईत असलेली पोरं तेवढ्यात त्याला मारून पुढे जातात. बाईंनी काठी खाली धरली आणि त्याचं वाकून होईपर्यंत त्या थांबल्या.